क्वीनची नावडती कॅसेट

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांत बसून 'हॉट स्पेस'चं नाव काढून बघा. घरच्या कार्यात भांडून गेलेल्या काकांचा विषय निघावा तशी सगळी गप्प होतात. 1982चा अल्बम, रॉक सोडून डिस्कोच्या, नाचाच्या वाटेनं गेलेला. "गिटार कुठाय?" ही तक्रार तेव्हापासूनची, आणि बँडचा गिटारवाला ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर यांनीही पुढे नाकं मुरडली. मला मात्र त्याची ए साइड मनापासून आवडते. बोला आता.

सत्तरच्या दशकात हीच मंडळी अल्बमवर 'यात सिंथेसायझर नाही' असं मिरवून छापायची. मग 1980च्या 'द गेम'मध्ये सिंथेसायझर आला, आणि त्याच अल्बममधलं बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. सगळी करामत बेसची! तेव्हा गोड लागलं, मग दोन वर्षांनी तीच वाट पुढे चालली तर बाटले कसे?

मला वाटतं, राग चालीवर नव्हताच. 1979च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या होत्या. हे संगीत कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांतून वर आलेलं, हे लक्षात घेतलं की त्या जाळपोळीतलं बरंच काही कळतं. त्यात गायक फ्रेडी मर्क्युरीची ती समलिंगी क्लबांच्या ढंगाची मिशी आणि 'बॉडी लँग्वेज'सारखं उघड कामुक गाणं. अमेरिकेत 'हॉट स्पेस' 22व्या नंबरावर अडकला. ब्रिटनमध्ये चौथ्यावर गेला. त्या वर्षीच्या दौऱ्यानंतर फ्रेडीसह क्वीन अमेरिकेत पुन्हा दौऱ्यावर गेलंच नाही.

ए साइडचं पहिलं गाणं, 'स्टेइंग पॉवर', हेडफोन लावून ऐका. संगीत संयोजक आरिफ मार्डिननं बसवलेले ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), त्याखाली सिंथेसायझरचा बेस, आणि वर फ्रेडी असा गातो की गिटारची आठवणसुद्धा येत नाही. (पाचगणीला त्याच्या शाळेच्या फाटकापाशी सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांनी हे ऐकलंय, देव जाणे.)

माझं भांडण आहे ते बी साइडशी. तिथे एकाच घरात दोन चुली. 'पुट आउट द फायर' तर रुसलेल्या गिटारवाल्यांची समजूत काढायला ठेवल्यासारखं वाटतं. शेवटी 'अंडर प्रेशर', ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीबरोबर स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला केलेलं. गाणं अफाट आहे, वाद नाही. पण ते 1981मध्येच ब्रिटनमध्ये पहिलं येऊन गेलेलं. इथे ते आधाराच्या काठीसारखं लावलंय. नाचायचं तर शेवटपर्यंत नाचा ना!

अपवाद एकच, 'कूल कॅट'. डीकन आणि फ्रेडी या दोघांचं गाणं, आणि अख्खं फॉल्सेटोत, म्हणजे उंच, पातळ आवाजात. बोवीचा आवाजही होता त्यात, त्यानंच सांगून काढायला लावला. मी कॅसेट उलटायचो ती फक्त या गाण्यासाठी. आधीची चार गाणी फॉरवर्ड करायची, अंदाजानं बटण सोडायचं, आणि दर वेळी पहिली ओळ निसटलेली असायची.