व्हर्च्युअलायझेशन कुठलं घ्यायचं, परत तीच मीटिंग

दोनच सर्व्हर आमचे, तरी एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल आलं की चर्चा पहिल्यापासून. हे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद, आता नुसतं सबस्क्रिप्शन, ते पण कोअरवर (सीपीयूमधल्या प्रोसेसिंग युनिटांच्या संख्येवर), प्रत्येक सीपीयूला किमान १६ कोअरचे पैसे मोजा, तुमचा ८ कोअरचा का असेना!! त्यांचंच फुकटचं ईएसएक्सआय २०२४ ला बंद, २०२५ ला परत चालू, कसा भरवसा ठेवायचा सांगा. बरं, त्याऐवजी प्रॉक्समॉक्स म्हणावं तर साहेब लगेच, "फुकट आहे, मग सपोर्ट कोण देणार?" अहो, मिळतो ना सपोर्ट विकत, सॉकेटमागे (म्हणजे सर्व्हरमधल्या दर सीपीयूमागे) वर्षाचे पैसे भरून. की लगेच, "म्हणजे फुकट नाहीच्चे!" आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही घ्या म्हणणारा व्हेंडर तर त्यासाठी लागणाऱ्या विंडोज सर्व्हरच्या लायसन्सचा आकडा कोटेशनमध्ये टाकतच नाही, विचारल्यावर नुसता हसतो.