पांढऱ्या बॉलला हात लावला आणि...

इंग्लंडात, लीड्समधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये शुक्रवारी माझी पार शोभा झाली. कारण पूल, म्हणजे काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे पॉकेटात घालायचा तो टेबलावरचा खेळ. पैज म्हणाल तर फक्त बिअरच्या एका पाइंटची.

मी पूल शिकलो पुण्यात, लेक्चरं बुडवून. अमेरिकन टेबल, आकडे लिहिलेले 15 बॉल. समोरच्याचा फाउल झाला की पांढरा उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, मारायचा. इथलं टेबल सात फुटी, बॉल लाल-पिवळे (एकाचे लाल, दुसऱ्याचे पिवळे), नाणं टाकलं की खडखडत बाहेर येतात. पुढचा गेम हवा असेल त्याने आपलं नाणं काठावर ठेवून थांबायचं. (पांढरा बॉल जरासा लहान असतो, म्हणून तो पॉकेटात गेला तरी मशीन त्याला वेगळा काढून परत देतं. हे मला त्याच रात्री कळलं.)

समोर एक रिटायर्ड प्लंबर आजोबा. त्यांनी आधी माझ्या पिवळ्याला मारलं. फाउल! मी ऐटीत पांढरा उचलला आणि सोयीच्या जागी ठेवला. आजोबा शांतपणे म्हणाले, "आता दोन शॉट माझे." म्हणजे फाउल त्यांचा, पण बॉलला हात लावला म्हणून शिक्षा मला! इथे फाउल झाला की पांढरा आहे तिथूनच खेळायचा, बदल्यात दोन शॉट. पॉकेटात गेला तरच हातात, तोही टेबलावरच्या रेषेच्या मागे.

खरं सांगतो, पहिला विचार आला की गोरा आपल्याला गंडवतोय. मी फोनवर नियम काढून दाखवले. काउंटरवरची बाई म्हणाली, "मग फोनवरच खेळ की." सगळे हसले. हरलो, पाइंट पाजला.

मित्र म्हणतात, आधी विचारायचं होतंस. अरे, नियम वेगळा असू शकतो हेच ज्याला माहीत नाही, तो विचारणार काय? सांगायचं काम टेबल ज्यांचं त्यांचं. पूलचाच भाऊबंद स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला आणि 1882 मध्ये यांच्याच साहेबांनी त्याचे नियम उटीच्या क्लबात भिंतीवर लावले. आमच्याकडे येऊन लावता, मग स्वतःच्या पबात एक कागद चिकटवायला काय होतं?

असा तावातावाने बोलत मी रविवारी आजोबांना घरी चहाला बोलावलं आणि कॅरम काढला. पावडर, स्ट्रायकर, रेषा, ड्यू, सगळं समजावलं. तिसऱ्याच डावात त्यांनी राणी घेतली आणि दोन्ही हात वर केले. माझ्या तोंडून निघालं, "कव्हर?"

आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. कव्हरचं सांगायचंच राहिलं होतं. लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं की तो नियम आहे हेच डोक्यात नव्हतं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्या सांगलीत शेवटच्या सोंगटीनंतरही राणी चालायची." मी म्हटलं, अजिबात नाही. आजोबांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि आमचं भांडण ऐकत बसले.

तुमच्याकडे चालते का हो?