'खरं लिहिणाऱ्याला भीती कसली?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

फौजदारी बदनामीचा कायदा रद्द व्हावा, या माझ्या लेखावर तुम्ही मन लावून लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : खरं लिहिणाऱ्या पत्रकाराला कायद्याची भीती वाटायचं कारण नाही. तुरुंगाची तरतूद आहे म्हणून तर ब्लॅकमेल करणारे जरा वचकून असतात. आणि दिवाळीच्या सुमारास तुमच्या गावातल्या एका शिक्षकांवर यूट्यूब चॅनेलवाल्याने बिनबुडाचे आरोप केले, त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

शिक्षकांचा मुद्दा रास्त आहे, त्याकडे येतोच. पण आधी पहिला मुद्दा.

भारतीय दंड संहितेची 499 आणि 500 ही कलमं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356व्या कलमात आली. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय. यात मजकूर खरा असणं एवढ्यावर सुटका नाही. तो खरा आहे आणि तो छापणं लोकहिताचं होतं, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि ते ओझं आरोपीवर असतं. सद्भावनेने लिहिल्याचा वेगळा अपवाद आहे, पण तोही पुराव्याच्या टप्प्यावर कामाला येतो. तिथवर पोचायलाच वर्षं जातात.

मी जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर असतानाचं सांगतो. आमच्या एका तालुका वार्ताहराने रेशन दुकानातल्या धान्याच्या अफरातफरीची बातमी दिली. माहिती अधिकारात मिळवलेल्या नोंदी हाताशी होत्या, दुकानदाराची बाजूही छापली होती. तरी खाजगी फिर्याद दाखल झाली, वार्ताहर आणि संपादक दोघांवर समन्स निघालं. जामिनासाठी जामीनदार शोधा, त्याचा सातबारा आणा, मग तारखा. कधी साहेब रजेवर, कधी समोरचे वकील नाहीत, कधी बोर्डावर नंबरच लागत नाही. हजर राहता येत नसेल तर हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्या, त्याचीही फी. या माणसाला पगार नव्हता. जाहिरातींवरचं कमिशन आणि बातम्यांचं तुटपुंजं मानधन, एवढ्यावर घर चालायचं. कोर्टाच्या दिवशी तेही बुडायचं. शेवटी फिर्यादी तारखांना यायचाच बंद झाला आणि त्याच्या गैरहजेरीमुळे आमचा वार्ताहर निर्दोष सुटला. बातमी खरी होती की खोटी, यावर न्यायालयात एक शब्दही झाला नाही. त्यानंतर त्याने रेशन, वाळू, टेंडर यांतलं काहीही पाठवलं नाही. सत्कार, जयंत्या, क्रीडा स्पर्धा तेवढ्या यायच्या. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा सर, भीती शिक्षेची नसते. फिर्याद दाखल झाली की शिक्षा सुरूच होते.

तुम्ही टिळक-आगरकरांचा दाखला दिलात, ते कुठे घाबरले म्हणून. 1882 साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नव्हे, याच बदनामीच्या कलमाखाली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, या काळजीपोटी त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, आणि ज्या पत्रांच्या आधारे केली ती बनावट ठरली. त्यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस आत काढावे लागले. आज त्यांना कुणी खोटारडे म्हणेल का? सद्भावनेने लिहिणाऱ्याचाही आधार कच्चा निघू शकतो. त्याने दुरुस्ती छापावी, माफी मागावी, नुकसान भरून द्यावं. तुरुंग कशासाठी? ज्या ब्रिटनकडून हा कायदा आपल्याकडे आला, तिथे 2009 साली फौजदारी बदनामी रद्द करणारा कायदा झाला. श्रीलंकेने तर 2002 मध्येच ती काढली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2016 रोजी हीच कलमं वैध ठरवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी कैद हवीच, हे मात्र पटत नाही.

आणि हे फक्त पत्रकारांचं दुखणं समजू नका. आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रांना वेगळं संरक्षण नाही. तुम्हाला आणि मला कलम 19(1)(अ) खाली जे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मिळतं, तेच संपादकाला. सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही सेक्रेटरीच्या हिशेबावर बोट ठेवलंत, तरी कलम 356च लागू शकतं. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, त्या कुठे पत्रकार होत्या? त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. तरीही पोलीस ते लावत राहिले, इतके की ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

ब्लॅकमेल करणाऱ्यांना या कायद्याचा वचक आहे, हे मला दिसत नाही. पैसे उकळण्यासाठी धमकावणं हा खंडणीचा गुन्हा आहे, त्याचं कलम वेगळं आणि कडक आहे. ते जरूर लावा.

आता तुमचे शिक्षक. त्यांच्यावर अन्याय झालाय आणि दिवाणी दावेही रखडतात, कोर्ट फी भरावी लागते, हे खरंच. असे दावे लवकर निकाली निघावेत ही मागणी मी तुमच्या बरोबरीने करीन. प्रेस कौन्सिलकडे जाऊन उपयोग नाही, तिच्या कक्षेत छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था येतात, यूट्यूब नाही. त्या शिक्षकांनी पहिल्यांदा व्हिडिओची प्रत, लिंक आणि तारीख जपून ठेवावी, कारण असे व्हिडिओ एका रात्रीत गायब होतात. मग वकिलामार्फत चॅनेलला नोटीस द्यावी आणि यूट्यूबच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लेखी तक्रार करावी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा प्रकाशित बदनामीच्या भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. दिवाळीपासून मोजलं तर बरेच दिवस गेलेत. त्यांना या आठवड्यातच वकिलांकडे पाठवा.