मिरजेचा मेहुणा आणि माद्रिदची बाद फेरी

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीची सोडत आपल्याकडे दुपारच्या चहाच्या सुमाराला निघते. ऑफिसात टेबलाखाली मोबाईल धरून तुम्ही ती बघताय आणि आपल्या ॲटलेटिको माद्रिदसमोर त्याच शहरातल्या रिआल माद्रिदची चिठ्ठी उघडली, तर सगळ्यात आधी चहाचा कप खाली ठेवा. चेहरा असा करा, जणू मार्केट यार्डात हळदीचा दर कोसळलाय आणि तुमची पन्नास पोती हरिपूरच्या पेवात अडकलीत. मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा, "संपलं. यंदाबी गेलो."

हे वाक्य पाठ करून ठेवा. पुढचे दोन-तीन आठवडे त्यावरच काढायचेत. पानपट्टीवाल्याला हेच सांगा, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या देशपांडेकाकूंनाही हेच सांगा. त्यांना कोण गेलं ते कळणार नाही आणि त्या हळहळतील, ती हळहळही पदरात पाडून घ्या. आत कुठंतरी बरगड्यांच्या मागं 'यंदा मात्र...' असा एक दिवा मिणमिणायला लागला असेल. लागणारच. त्याच्यावर पातेलं पालथं घाला. आशा ही लपवून ठेवायची वस्तू आहे. ती नशिबाला दिसली की दृष्ट लागते, आणि ही दृष्ट मीठ-मोहरीनं उतरत नाही. मी उतरवून बघितली आहे.

"सांगलीत राहून ॲटलेटिको कसं काय?" असं लोक विचारतील. उत्तरादाखल प्रशिक्षक सिमिओनीचं नाव घ्या, त्याचा काळा सूट, चिवट बचाव, 'एका वेळी एकच सामना' हे त्याचं पालुपद, सगळं सांगा. खरं कारण तेवढं सांगू नका. खरं कारण असं, की मिरजेच्या मेहुण्यानं रिआल आधीच धरलं होतं. मिरजकरानं एक बाजू घेतल्यावर सांगलीकराला दुसरी घ्यायला कारण लागत नाही. गावं दहा किलोमीटरवर, महापालिका एकच, तरी मिरजकर म्हणणार, "आधी आमच्या जंक्शनला उतरा, मग तुमच्या सांगलीला जावा." आपण म्हणायचं, "जिल्ह्याला नाव कुणाचं?" हा संवाद लग्नकार्यात जेवणाच्या आधी होतो आणि त्याशिवाय पंगत बसत नाही.

शिवाय ॲटलेटिकोचं जुनं मैदान मान्झानारेस नदीच्या अगदी काठावर होतं. त्याच्या एका बाजूच्या गॅलरीखालून तर हमरस्ता जायचा. रिआलचं मैदान मात्र कास्तेयानाच्या रुबाबदार रस्त्यावर. नदीकाठचं म्हटल्यावर कृष्णाकाठच्या माणसानं आणखी काय बघायचं? (२०१७ मध्ये ॲटलेटिकोनं ते मैदान सोडलं आणि शहराच्या कडेला नव्या स्टेडियमात गेली. पुनर्वसन. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.)

सामन्याच्या आठवड्यात झोप चांगली लागत असेल, तर इतिहास उगाळा. युरोपियन चषकात, म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, हे दोन शेजारी २०२५ पर्यंत सहा वेळा भिडले. १९५९, २०१४, २०१५, २०१६, २०१७, २०२५. सहाही वेळा रिआल. कुणीतरी भाबडा म्हणेल, की कोपा देल रे या स्पेनच्या चषकात आपण त्यांना २०१५ आणि २०२४ ला बाहेर काढलं, आणि २०१३ ची फायनल तर त्यांच्याच मैदानावर जिंकली. त्याला गप्प करा. चांगल्या आठवणी काढणं म्हणजे पातेलं उचलणं.

जखमा मात्र तपशिलात आठवा. २०१४, लिस्बन, फायनल. माझं लग्न नवीन होतं, मेहुणाही नवीन होता. ३६व्या मिनिटाला आमच्या गोदिनच्या डोक्याला लागून बॉल आत गेला आणि पुढं तासभर आम्ही एक-शून्यनं पुढं. नव्वद मिनिटं संपली. रात्रीचे दोन वाजलेले. मी मेसेज टाइप केला, "काय म्हणतंय मिरज?" अंगठा बटणावर होता. ९३व्या मिनिटाला कॉर्नर आला, त्यांचा रामोस उंच उडाला, बरोबरी झाली, आणि अंगठा तिथंच राहिला. जादा वेळेत त्यांचे आणखी तीन झाले. चार-एक. तो मेसेज त्या जुन्या फोनमध्ये अजून न पाठवलेला पडून आहे. फोन विकायचा राहिलाय तो त्यामुळंच. तेव्हा सल्ला असा: शिट्टी वाजेपर्यंत टाइप करायचं नाही. मनातसुद्धा नाही.

२०१६ ची मिलानची फायनल लवकर उरकूया, कारण ती मलाही सोसत नाही. आमच्या ग्रीझमनची पेनल्टी आडव्या खांबाला आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये हुआनफ्रानची उभ्या खांबाला. आडवं-उभं दोन्ही झालं. घराण्याचा इतिहासच तसा. १९७४ च्या फायनलमध्ये जर्मनीच्या बायर्नविरुद्ध जादा वेळेत आमच्या आरागोनेसनं गोल केला, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला त्यांच्या बचावपटूनं लांबून मारून बरोबरी साधली. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला, त्यात चार-शून्यनं हरलो. तेव्हापासून स्पेनमध्ये ॲटलेटिकोला 'एल पुपास' म्हणतात. आपल्याकडे त्याला कपाळकरंटे म्हणतात. दोन भाषांत एकच शिवी मिळणारा क्लब आपण निवडला आहे, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आणि २०२५. हा भाग आईसमोर वाचू नका. होळीच्या आदल्या रात्री, म्हणजे पहाटे दीडला सामना सुरू. दोन सामन्यांचे गोल एकत्र मोजतात, आणि पहिल्या सामन्यात दोन-एक हरून आलेलो. भडंगाच्या पिशवीची गाठ सोडतोय तोवर, अर्ध्या मिनिटाच्या आत, आमच्या गॅलाघरनं गोल मारला. बरोबरी. पुढं त्यांच्या व्हिनिसियसनं पेनल्टी बारवरून आकाशात घातली. इथं माझी चूक झाली: मी पातेलं उचललं. चारच्या सुमाराला शूटआउट. आमचा हुलियान आल्वारेझ धावत आला, पाय घसरला, तरी बॉल जाळीत. मी ओरडलो. आई लाइट लावून बाहेर आली.

"काय झालं रं?"

"गोल झाला."

तेवढ्यात पडद्यावर सगळे थांबले. त्याच्या डाव्या पायाचा बॉलला आधी पुसट स्पर्श झाला म्हणे. रद्द.

"काय झालं?"

"गोल नव्हता."

"मग बोंबललास कशाला? होळी संध्याकाळी हाय."

खरंच संध्याकाळी गल्लीत होळी पेटली तेव्हा सगळी पोरं बोंबा मारत होती आणि माझ्या घशातून नुसती हवा येत होती. आमचा शिमगा पहाटेच झालेला. पुढं जूनमध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं खुलासा केला, की असा चुकून दोनदा पाय लागला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा घ्यावी. वरातीमागून घोडं आलं, ते तरी सजवून आलं, एवढंच समाधान.

आता टेन्शन मोजायचं कसं? मुंबई-पुण्याकडं त्यासाठी मनगटावर घड्याळं बांधतात. आपल्याकडं कृष्णेच्या पुराचं पाणी मोजायचा आयर्विन पूल आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. सोडत निघाली की पंचवीस फूट समजा. सामन्याच्या आदल्या दिवशी पस्तीस. संघ जाहीर झाले की चाळीस. इथं सामान हलवायला सुरुवात करा, म्हणजे रिमोट, काचेचा ग्लास, पायाशी येणारं स्टूल वगैरे माळ्यावर. पंचेचाळीसला माणसं हलवा. आई आणि पोरं आतल्या खोलीत. शूटआउट म्हणजे २०१९ चा महापूर, पाणी ५७ च्या वर. तेव्हा कुणी कुणाला सूचना द्यायच्या भानगडीत पडू नये, ज्यानं त्यानं गच्ची गाठावी. आणि पुलाच्या कठड्याला टेकून आकड्यांकडं बघत "एवढं नाही वाढायचं, वर पाऊस उघडलाय" असं सांगणारा एक गृहस्थ जसा दर पुरात असतो, तसा तुमच्या आतही एक असतो. त्याचं ऐकू नका. २००५ च्या पुरालाही तो तिथंच उभा होता.

कोयनेचा विसर्ग म्हणजे मेहुण्याचे मेसेज. मिरज सतारींचं गाव. तिथल्या माणसाला तार किती ताणली की तुटते आणि किती ताणली की नुसती झणझणते, हे बरोबर कळतं. मेहुणा फुटबॉलचा एक शब्द काढत नाही. सकाळी येतो, "दाजी, नाश्ता झाला का?" दुपारी, "दाजी, ऊन लई आहे, पाणी पीत जावा." रात्री अकराला, "दाजी, उद्या सुट्टी टाकलीय ना? मग सकाळी निवांत उठा, घाई नाय." एका खुंटीला एक पीळ. तुम्हीही तसंच आदबीनं उत्तर द्या, "हो रे, तूही काळजी घे." दात एकमेकांवर घासले तर आवाज मेसेजमधून जात नाही.

बायकोला तू कुणाच्या बाजूची, असं विचारू नका. संसार टिकवायचा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. सामना मोबाईलवर बघायचा, आणि मिरजेत चित्र आपल्यापेक्षा अर्धा मिनिट आधी पोचतं. का, ते माहीत नाही, आमचं नेट देणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, लाइन तिकडूनच येते." म्हणजे गोलसुद्धा जंक्शनला आधी उतरतो. आपला खेळाडू अजून बॉल घेऊन मध्यावर असतो आणि बायकोचा फोन टुणकन वाजतो. त्या टुणकनचा सूर ओळखायला शिका. एकदा वाजला तर त्यांचा गोल. अजिबात नाही वाजला तर आपला असू शकतो. या शांततेतही आशा असते, म्हणून दोन्ही फोन तांदळाच्या डब्यात घाला. दहा मिनिटांनी हात डब्यात जाईलच. निदान तांदूळ तरी निवडून होतील.

विधींबद्दल दोन शब्द. जानेवारी २०२४ मध्ये कोपात रिआलला चार-दोन हरवलं, त्या रात्री सोफ्यावर पाहुणे झोपले होते म्हणून मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. उजव्या हाताला चीर गेलेली, बसलं की कातडी धरणारी. अर्थातच तेव्हापासून तीच खुर्ची. २०२५ लाही तीच होती आणि तरी हरलो, हे मेहुण्यानं निदर्शनास आणून दिलं. त्याला विज्ञान कळत नाही. मधल्या वर्षात फरशी पुसताना खुर्ची हलली होती. आता चारही पायांभोवती खडूनं गोल काढलेत, आणि आई ते दर सोमवारी पुसते, मी दर सोमवारी पुन्हा काढतो. जर्सी धुवायची नाही, हे सांगायला नकोच. ती अशी आहे की खुंटीवरून काढली तरी तिचा आकार खुंटीवरच राहतो. भडंगात मात्र या वेळी कांदा-कोथिंबीर घालून मऊ पडू द्या. कुरकुरीत भडंगानं घर जागं होतं.

गणपतीला साकडं घालायचं असेल तर घाला, पण नवस बोलू नका. नवस म्हणजे लेखी आशा. शिवाय सांगलीचा गणपती मिरजेच्या भक्तांचाही आहे, आणि मेहुणा दर संकष्टीला येतो, आपण चतुर्थीला एखादवेळी. हजेरीपटावर आपली बाजू लंगडी पडते. नुसतं हात जोडून उभं राहा आणि दुसऱ्याच कशाचा तरी विचार करतोय असं दाखवा.

ऑफिसच्या रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' लिहा.

पहिल्या सामन्यात हरलात तर "एकाच गोलानं हरलो, चांगलाच निकाल म्हणायचा" असं म्हणायचं नाही. जिंकलात तर तोंड आणखी पाडा, कारण घसरायला आता उंची मिळालेली असते. आणि मुख्य म्हणजे घरात कुणालाही पुढच्या सकाळबद्दल काही बोलू नका. मी यंदा एवढीच एक ढिलाई केली. रात्री जेवताना आईला म्हणालो, "उद्या सकाळी शिरा कर."

"कशाचा?"

"कशाचा म्हणजे? सहज."

ती काही बोलली नाही. ताटातली कोशिंबीर संपवली आणि उठली.

आता एक वीस झालेत. खुर्ची खुणांवर आहे. फोन तांदळात आहेत. मी भडंग घ्यायला स्वयंपाकघरात आलो, लाइट न लावता, मोबाईलशिवाय, चाचपडत. ओट्यावर पितळी वाटीत रवा मोजून ठेवलेला हाताला लागला. शेजारी तुपाची बरणी, आणि खलबत्त्यात चार वेलदोडे. खाली कागदाच्या पुडीत बेदाणेही आहेत, जे एरवी सत्यनारायणाशिवाय डब्यातून बाहेर येत नाहीत.

तुमच्या ओट्यावर असं काही सापडलं तर रवा डब्यात परत ओतू नका, त्यानंही नाट लागते. वाटीवर ताटली झाका. आवाज न करता.