पावसाळ्यात कमळाची कुंडी बदलू नका: फिरत्या मेसेजचा खुलासा

‘बुटक्या कमळाची कुंडी पावसाळ्यात बदला, तळाला ताजं शेण, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)’ हा सांगलीत फिरणारा मेसेज चुकीचा आहे. कुंडी बदलायची ती फेब्रुवारीत, कंदाला नवी पानं फुटण्याआधी. पावसाळ्यात वाढ जोरात असते, धावते कोंब (मातीत आडवे पसरणारे) काचेसारखे मोडतात आणि त्यांच्या पोकळ नळ्यांत पाणी शिरून कंद सडतो. कोकोपीट तर तरंगतंच! ताजं शेण पाण्यात कुजून मुळं जाळतं. कृष्णाकाठची काळी चिकण माती पुरते, बिनछिद्राच्या पसरट टबात 6 इंच. 2-3 पेरांचा कंद आडवा ठेवा, टोकाचा कोंब मातीबाहेर, टबाच्या मध्याकडे. कंद वर येऊ नये म्हणून कोंब सोडून चपटा दगड ठेवा. सुरुवातीला मातीवर पाणी 2 इंचच. खत पाण्याच्या वर उभी राहणारी पानं आल्यावर, तेही थोडंच.