हा म्हातारपणाचा आवाज नव्हे

अमेरिकेतले राजकारणी रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचा आवाज वयामुळे थरथरतो, असं मी वाचलेल्या एका लेखात ओझरतं म्हटलंय. तसं नाही. त्यांना स्पॅझमॉडिक डिस्फोनिया आहे, तोही चाळिशीपासून. घसा ठणठणीत असतो. मेंदूकडून चुकीचे इशारे जातात आणि बोलताना स्वरयंत्राचे स्नायू आवळतात. हसताना, कुजबुजताना मात्र आवाज बऱ्याचदा मोकळा. म्हणून लोकांना वाटतं, नाटकं करतेय.

हो, मलाही तोच आजार आहे. शाळेत शिकवते. दर तीन-चार महिन्यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन. सुरुवातीला आवाज म्हणजे नुसती फुंकर, पाणी पितानाही ठसका. मग काही आठवडे बरे जातात. हजेरी घेणं जमतं, फोनवर मात्र "मॅडम, रडताय का?" हे ठरलेलं.

वॉशिंग्टनच्या डायन रीम यांना १९९८ मध्ये हेच निदान झालं, तरी २०१६ पर्यंत त्यांनी आपला कार्यक्रम चालवला. तोही रेडिओवर!

केनेडींच्या लसींबद्दलच्या मतांवर खुशाल तुटून पडा, मीही पडते. त्यांच्या आवाजाची नक्कल ऐकली की मात्र मला आमच्या आठवी 'ब'ची मागची बाकं आठवतात.