पांढरी तं साऱ्याच व्हय!

चुलत मेहुणीचं लग्न होतं, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात. मे महिना. वांग्याची भाजी, वरण-भात, मठ्ठा आणि आग्रहाची बुंदी दोनदा, असं रीतसर जेवण झालं. मग जावयानं निघावं तसे, म्हणजे कुठंतरी फार महत्त्वाचं काम अडल्यासारखे, आम्ही निघालो. गाड्या लावायला मांडवामागचं तुरीचं वावर ठेवलं होतं. तिथं जाऊन पाहतो तर धसकटांत साठ-सत्तर गाड्या. त्यातल्या पन्नास पांढऱ्या.

"गाडी कोनती व्हय, जवाईबापू?" राखणीला बसवलेल्या पोरानं विचारलं.

"पांढरी."

"पांढरी तं साऱ्याच व्हय ना बाप्पा!"

गाडी घेताना शोरूममधल्या टायवाल्या पोरानं सांगितलं होतं, "सर, ही गाडी म्हणजे तुमची पर्सनॅलिटी." रंग सात होते. ते मी बायकोला तासभर दाखवले आणि मग आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आठवून पांढरा घेतला. त्या पांढऱ्यालाही काहीतरी बर्फाळ प्रदेशातलं नाव होतं. गावाकडच्या रस्त्यावर पहिल्या बारा किलोमीटरलाच ते पुसलं गेलं. पण माझी पर्सनॅलिटी आणखी पन्नास जणांना वाटलीय, हे काही तो बोलला नव्हता.

रंगाचं सोडा, तोंडवळाही एकच. वर भुवईसारखी दिव्याची बारीक रेघ, खरे दिवे खाली गालावर, मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा. मापही तेच. २००६च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. तेव्हापासून कंपन्या सरकारी फूटपट्टी घेऊन शेपटी तोडतात. कितीतरी गाड्या बरोब्बर ३,९९५ मिलिमीटरवर थांबतात. पुढून म्हैस, मागून वगार. एक विजेवरची तेवढी वेगळी दिसली, कारण इंजिन नाही म्हणून तिच्या नाकाची जाळी बुजवलेली होती. ती माझी नव्हती.

नंबर? एमएच २९ पर्यंत मला पाठ आहे. पुढचा आरसी बुकात आहे. आरसी बुक गाडीत आहे.

रिमोटचा सेल मरायला टेकलेला, हातभर अंतरावरूनच चालायचा. तेव्हा वॉर्डात डॉक्टर फिरतो तसा मी एकेका गाडीजवळ जाऊन बटण दाबत निघालो. एकीचं दार ओढलं तर उघडलं! हायसं वाटून आत बसलो. मागच्या सीटवरून आवाज आला, "कोन व्हय रे? लेकरू निजलं हाय." एक आजी पदरानं नातवाला वारा घालत होती. मी त्यांना नमस्कार करून उतरलो. लग्नात कुणालाही नमस्कार चालतो.

तेवढ्यात मामाजी, म्हणजे आमचे सासरे, काठी टेकत आले. एका गाडीला पाठ लावून उभे राहिले आणि सुरू झाले. "आमच्या वक्ताले बजारात दोनशे सायकली राहे. साऱ्या काळ्या. पन कोनाची हारपली नाई."

खरं होतं ते. सगळ्या २२ नाहीतर २४ इंची, विलायती रॅलेच्या वळणाच्या, रॉडच्या ब्रेकच्या. पण कुणाच्या हबाला रंगीत ब्रशाचं कडं, कुणाच्या सीटला गोंड्यांची मखमल, कुणाच्या मडगार्डच्या रबरी पल्ल्यावर वाघ. वाघ असा, की मांजरानं हसावं. आमच्या बाबांच्या सायकलीचं चेनकव्हर चेपलं होतं. दर पायडलला खडक, खडक. तो आवाज पांदणीतून आला की आई चुलीवर तवा ठेवायची.

इकडे राखणीचा पोरगा त्याच्या नव्या सायकलीवरून गाड्यांमधून फेऱ्या मारत माझी गाडी शोधत होता, निदान तसं सांगत तरी होता. चार इंच रुंद टायर. अलास्कात बर्फासाठी निघालेली ही तऱ्हा आमच्या काळ्या मातीत उतरलीय. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही.

"पावसाळ्यात चालते का रे?"

"चालते ना काका. दर दहा पावलावर काडीनं गारा काढा लागते. अन् पाठीवर असा पट्टा उठते." त्यानं मानेपासून कमरेपर्यंत बोट फिरवलं. "आजी म्हनते, दळनाचा डबा कोठी ठेवू, तुह्या डोक्स्यावर?"

खरं सांगायचं तर माझ्या गाडीलाही ओळख होती. गेल्या पोळ्याला शेजाऱ्याच्या बैलानं मिरवणुकीतून परतताना मागच्या डाव्या दारात शिंग घातलं. वाटीएवढा खड्डा आणि खड्ड्यात शिंगाचा लाल हिंगूळ. आठ-नऊ महिने मी ती गाडी अर्ध्या मैलावरून ओळखायचो. पण माहेरच्या लग्नात असली गाडी न्यायची? म्हणून मागच्याच आठवड्यात साडेतीन हजार मोजून खड्डा काढून घेतला. डेंटिंगवाल्यानं दारावरून फडकं फिरवलं आणि छाती फुगवून म्हणाला, "भाऊ, आता कोनी वळखून दाखवा!"

ते सगळं मामाजींना ऐकवताना मी हातवारे करत होतो. हातवाऱ्यांत बटण दाबलं गेलं. मामाजींच्या पाठीमागं गाडी 'टुक' करून वाजली आणि ते काठीसकट दोन हात पुढं उडाले. पाऊण तास ते माझ्याच गाडीला टेकून उभे होते.

तोवर अंधारलं होतं. सगळ्यांच्या पाया पडलो, बुंदीचा डबा मागं ठेवला, गाडी रिव्हर्स घेतली. धाड! मागं कुणाचीतरी बैलबंडी सोडलेली होती. धुरा थेट बंपरात. मी मोबाईलचा टॉर्च लावून उतरायला दार उघडलं, तर बायकोनं बाही धरली.

"बसा. राहू द्या तसंच. जूनमंधी आणखी एक लगन हाये."